मोन एफएम, आठ महिने ऐकल्यावर: एक बंदर, पाच नावं

परवा आमचा साठ पौंडांचा डिजिटल रेडिओ गेला. वॉरंटी शिल्लक होती. तरी दुकानदार म्हणाला, कंपनीकडे पाठवा, आणि टपालखर्च तुमचा. चिडून चॅरिटी शॉपमधून तीन पौंडांचा जुना, काटा फिरवायचा सेट आणला. त्यावर मोन एफएम, म्हणजे १०२.५, अधिक खणखणीत लागतं! साठ वजा तीन किती, हे मी नवऱ्याला रोज ऐकवते.

स्टेशन वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या (वेल्शमध्ये मोन) ल्लान्गेव्हनी गावाचं, २०१४ पासून स्वयंसेवक चालवतात, वेल्श आणि इंग्रजी दोन्ही. बेटावर राहणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. खर्च शून्य. टीव्ही लावला तर दरवर्षी लायसन्स (२०२४ मध्ये १६९.५० पौंड), रेडिओला काहीच नाही, म्हणून आमच्याकडे रेडिओ.

सुरुवातीला मात्र मी वैतागले होते. बोलता बोलता वेल्श सुरू झालं की मी आवाज बारीक करून चहाचं आधण ठेवायचे. इंग्रजी कानावर पडलं की परत मोठा.

मग ७ डिसेंबर २०२४ ला डॅराघ वादळ आलं. आमच्या इथल्या होलीहेड बंदराचं नुकसान झालं आणि ऐन नाताळात डब्लिनच्या फेरीबोटी बंद. रेडिओवर सारखी तीच चर्चा. कधी काइरगबी, कधी गाइरगबी, कधी ङ्हाइरगबी, एकदा तर खाइरगबी. मी नवऱ्याला म्हटलं, अरे, होलीहेड धरून पाच बंदरं बंद पडली.

शेजारच्या आजी पोट धरून हसल्या. बंदर एकच. काइरगबी हे होलीहेडचंच वेल्श नाव. ‘काइरगबीला’ म्हणायचं तर ‘इ गाइरगबी’, ‘काइरगबीत’ म्हणायचं तर ‘अङ् ङ्हाइरगबी’, आणि शब्दाआधी ‘आणि’ आलं की ‘आ खाइरगबी’. याला ते ट्रैग्लाड म्हणतात. आपण पुण्याला, पुण्यात म्हणतो तेव्हा शेपूट वाकतं, ‘पु’ जागच्या जागी असतो. यांचं डोकंच बदलतं. बँगोर गाव ‘त’ लागला की मँगोर आणि ‘ला’ लागला की व्हँगोर. खुद्द मोनच्या आधी ‘सीर’ (म्हणजे परगणा) लागलं की सीर व्होन होतं, म्हणजे स्टेशनचं स्वतःचं नावही यातून सुटलेलं नाही. आणि तो ङ! शाळेत पाठ केला, ‘वाङ्मय’ सोडून कुठे भेटला नाही. इथे बातम्यांत शब्दाच्या तोंडाशी बसतो.

तिथून माझं मत फिरलं. आता वेल्श लागलं की आवाज मोठा होतो. फ्रिजवर कागद लावलाय, नवं रूप ऐकलं की टिपायचं. बीबीसीचं रेडिओ कम्री १९७७ पासून आहे, तेही लावून पाहिलं. पण ते सगळं वेल्शमध्ये आणि माझ्यासाठी फार वेगात. इथे मध्येच इंग्रजी येतं आणि पायाला जमीन लागते.

एक राग उरलाय, तोही स्टेशनवर नाही. ऐकलेला शब्द कोशात सापडत नाही. ग वर शोधा, नाही. ङ वर शोधा, नाही. मूळ शब्द क वर निवांत बसलेला असतो. म्हणजे शब्द शोधायला आधी तो माहीत हवा! २०२१ च्या जनगणनेत बेटावरच्या ५५.८ टक्के लोकांनी वेल्श येते असं सांगितलं. बेकरीत लहान पोरं हे सगळं न अडखळता बोलतात तेव्हा मी पाव घेऊन गुपचूप निघते.

गेल्या आठवड्यात आजींना विचारलं, आमच्या कोल्हापूरला वेल्श नियम लावला तर? त्यांनी क्षणभर विचार केला. “इ गोल्हापूर. अङ् ङ्होल्हापूर.” नवरा सांगलीचा, त्याने लगेच त्याच्या गावाचं विचारलं. आजी म्हणाल्या, स बदलत नाही. तेव्हापासून तो सांगतोय, सांगली कुणापुढे वाकत नाही.