जुन्या गार्डन ट्रॅक्टरवर नवा रेग्युलेटर: आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी माझ्या जुन्या गार्डन ट्रॅक्टरला नवा रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवला, म्हणजे इंजिनातून येणारी एसी वीज डीसी करून बॅटरीला बेताच्या व्होल्टेजने देणारा पार्ट. इंजिन कोहलरचं, के-मालिकेतलं, एका सिलिंडरचं. चार्जिंग १५ अँपिअरचं: फ्लायव्हीलमध्ये चुंबक, त्याखाली स्टेटर (वीज तयार करणारी स्थिर कॉइल) आणि बाहेर पत्र्यावर रेग्युलेटर. पार्ट चांगला निघाला. तरी तो घेण्याआधी पुढचं वाचा.

तक्रार नेहमीचीच होती. दोन-तीनदा गवत कापलं की सेल्फ नुसता टक् करून थांबायचा. मी आधी बॅटरी बदलली. नवी बॅटरीही पंधरा दिवसांत उतरली. मग मल्टिमीटर काढला. इंजिन बंद असताना १२.३ व्होल्ट, पूर्ण थ्रॉटलवर १२.२. म्हणजे बॅटरी भरतच नव्हती. चार्जिंग नीट असेल तर इथे साधारण १३.८ ते १४.७ दिसायला हवेत.

स्टेटरच्या दोन्ही वायरी रेग्युलेटरवरून काढल्या, मीटर एसीवर ठेवला आणि इंजिन ३६०० फेऱ्यांवर नेलं. २८ व्होल्ट किंवा जास्त आले तर स्टेटर ठीक समजायचा. माझे ३३ आले. इंजिन बंद करून पाहिलं, तर त्या वायरी बॉडीला कुठे टेकतही नव्हत्या. फार हायसं वाटलं. पुलर लावून फ्लायव्हील उतरवणं हे या कामातलं सगळ्यात जोखमीचं, आणि ते वाचलं होतं.

स्टेटर ठीक, बॅटरी नवी, म्हणजे दोष रेग्युलेटरचा, असं धरून मी नवा मागवला, बसवला, इंजिन सुरू केलं. पुन्हा १२.२.

रेग्युलेटरच्या मधल्या बी-प्लस (बॅटरीच्या पॉझिटिव्हकडे जाणाऱ्या) टर्मिनलवर चावी चालू असताना बॅटरीचा व्होल्टेज येतो का, ते पाहिलं. येत होता. हे तपासायलाच हवं, कारण तिथे बॅटरी दिसली नाही तर हा रेग्युलेटर जागाच होत नाही. मग इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन रेग्युलेटरच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. जिथे जवळपास शून्य हवं, तिथे दोन व्होल्टच्या वर! या रेग्युलेटरला अर्थची वेगळी वायर नसते, त्याची बॉडी हाच अर्थ. आणि आदल्या वर्षी इंजिनच्या पत्र्याला मीच रंग दिला होता, बोल्टच्या जागेसकट. रंगाखाली गंजही होता. एक जाड वायर बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली आणि मीटर चढत चढत १४.२ वर गेला. तो आकडा बघत मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

पक्कं काम असं केलं: बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातूपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला, त्याच बोल्टपासून इंजिन ब्लॉकपर्यंत थिंबल दाबून वेगळी वायर ओढली आणि वरून ग्रीस लावलं. प्लगमधल्या सैल झालेल्या क्लिपाही बदलल्या.

तेव्हापासून सकाळी बॅटरीवर १२.६ आणि काम करताना १४.१ ते १४.३ दिसतात. ट्रॅक्टर एकदा सहा आठवडे उभा होता, तरी पहिल्याच सेल्फला सुरू झाला. सुरू झाल्यावर अँमीटरचा काटा उसळतो आणि थोड्या वेळाने शून्याजवळ येतो. बॅटरी भरत आल्याची ती खूण आहे, घाबरू नका. मंद गतीवर दोन्ही दिवे लावले तर मात्र काटा उणे बाजूला जातो; दिवे लावायचे तर फेरे वाढवावे लागतात. रेग्युलेटर चांगलाच तापतो, म्हणून त्याच्या पंखांत अडकलेलं गवत मी दर वेळी झाडतो. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. रेग्युलेटर जळू शकतो.

ज्यांच्याकडे पट्ट्यावर चालणारा स्टार्टर-जनरेटर आहे, त्यांनी हे २८ व्होल्टचं माप धरू नये. ती यंत्रणा डीसीची आहे, तिचे ब्रश आणि वेगळा रेग्युलेटर तपासावे लागतात.

गेल्या महिन्यात जुना रेग्युलेटर त्याच घासलेल्या जागी परत लावून पाहिला. १४.२ आले. तीन आठवडे त्याच्यावरच काम केलं, बॅटरी एकदाही उतरली नाही. आता नवा पुन्हा ट्रॅक्टरवर आहे आणि जुना पुसून, कापडात गुंडाळून डब्यात ठेवला आहे.