पांढरं जाळीचं कॅबिनेट : आठ महिने वापरल्यावर

दुकानात कॉम्प्युटरची दोन कॅबिनेटं, म्हणजे आतले भाग बसवायचे डबे, शेजारी शेजारी मांडली होती. एकाला पुढे अख्खी काच आणि आत रंग बदलणारे तीन पंखे. दुसऱ्याला पुढे पांढरी बारीक जाळी, थेट चहाच्या गाळणीसारखी. दुकानदार काचेवालं खपवायला बघत होता. मी गाळणी घेतली, साडेपाच हजारांना. ग्रँट रोडहून दादर आणि दादरहून डोंबिवली असा तो खोका मालडब्यातून घरी आणला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

जाळीच का, तर माझं काम लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्याचं. रेंडर, म्हणजे एडिट केलेल्याची पक्की फाइल बनणं, दोन-दोन तास चालतो. जुन्या कॅबिनेटचं तोंड बंद होतं, हवा आत जायला कडेने जेमतेम बोटभर फट. उन्हाळ्यात प्रोसेसर ८५ अंशांच्या पुढे जायचा आणि पंखे पिठाच्या गिरणीसारखे घरघरायचे. आता तोच प्रोसेसर, तोच कूलर, आणि भर मे महिन्यात ७५च्या आसपास. मदरबोर्डसुद्धा जुनाच बसवला. बोर्डचं एटीएक्स हे माप इंटेलने १९९५ मध्ये ठरवलं, स्क्रूची भोकं अजून त्याच जागी असतात, त्यामुळे बसवताना काही अडलं नाही.

हवा येते तशी धूळही येते. आमच्या समोर रस्त्याचं काम चालू आहे, त्यामुळे ती जरा जास्तच. पुढचा फिल्टर काढणं सोपं : खालच्या खाचेत बोटं घालून ओढलं की अख्खी जाळी खट्‌ करून हातात येते. बटणं आणि पोर्ट वरच्या पत्र्यावर आहेत, म्हणून जाळीबरोबर वायरी ओढल्या जात नाहीत. घेताना हे जरूर तपासा. नळाखाली धुवायचा आणि पूर्ण वाळवायचा. पावसाळ्यात त्याला अख्खा दिवस लागतो.

खालचा फिल्टर मात्र ज्याने बनवला त्याने कधी घरात केर काढला नसावा. एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, खालची ही जाळी मागच्या बाजूने सरकते. म्हणजे दर वेळी टेबल पुढे घ्या, वायरी सोडवा, मग ती बाहेर. पुढून सरकणारी असती तर महिन्याला झाली असती. आठ महिन्यांत मी ती दोनदाच काढली. दुसऱ्यांदा तिच्यावर चक्क फेल्टसारखा थर होता.

वर पॉवरचं बटण, दोन यूएसबी, एक टाइप-सी आणि हेडफोनचं भोक. टाइप-सी माझ्याकडे निव्वळ शोभेला, कारण त्यासाठी बोर्डवर वेगळा कनेक्टर लागतो आणि माझ्या जुन्या बोर्डवर तो नाही. दुकानात हे कुणी सांगत नाही. पोर्टची तोंडं आभाळाकडे आहेत, धूळ सरळ आत. त्यावर मी जुन्या पेनड्राइव्हची टोपणं बसवलीत. रीसेटचं बटण दिव्यांचा रंग बदलायला वापरलंय, ते मला कधीच लागलं नाही. पॉवरचा निळा दिवा इतका प्रखर की रात्री छतावर चांदणं पडायचं. त्यावर काळी इन्सुलेशन टेप.

डीव्हीडीची जागा नाही. जुनी गिऱ्हाइकं अजून लग्नाच्या सीड्या घेऊन येतात, म्हणून यूएसबीवरचा रायटर वेगळा घ्यावा लागला.

एक गोष्ट सगळ्यांनी वाचा. जूनमध्ये ओल्या लादीवर अनवाणी उभा राहून मागचा स्क्रू फिरवायला गेलो, तर बोटात झिणझिण्या. पुढची रंगवलेली बाजू हाताला लागते तेव्हा काही कळत नाही, उघड्या धातूला लागलं की कळतं. कॅबिनेटला शिव्या घातल्या, पण दोष त्याचा नव्हता. एसएमपीएसच्या आत मेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून किंचित करंट बॉडीवर येतो आणि अर्थिंगच्या वायरीतून निघून जातो. आमच्या सॉकेटला तिसरं भोक होतं, त्यामागे वायरच नव्हती. इलेक्ट्रिशियनने ती ओढून दिल्यावर झिणझिण्या बंद. नवं कॅबिनेट घेण्याआधी सॉकेट तपासून घ्या.

बाजूची काच चार स्क्रूंवर. काढली की लादीवर टेकवू नका, गोधडीवर आडवी ठेवा. अशी काच मधोमध दणका सोसते, पण काठाला लादीचा टोला बसला तर क्षणात चुरा होतो. माझ्या मित्राची झाली. मी प्रत्येक वेळी आधी गोधडी शोधतो, मग स्क्रूड्रायव्हर.

पांढरा रंग अजून पिवळा पडलेला नाही, बोटांचे डागही ओल्या फडक्याने जातात. फक्त खोका उघडला त्या संध्याकाळी आईने जाळीच्या मधोमध हळदीकुंकू लावलं. जाळी टूथब्रशने घासून साफ झाली. जाळीमागचा फिल्टर चार वेळा धुतला, तेवढ्या जागी तो अजून गुलाबीच आहे.