इम्प्लांटचा सरफेस: जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

दाताच्या इम्प्लांटचं कोटेशन हातात पडलं की नजर आधी आकड्यावर जाते, मग कंपनीच्या नावावर. दोन आकड्यांतल्या तफावतीचं एक कारण मात्र अधल्यामधल्या ओळीत असतं: ‘एसएलए’, ‘आरबीएम’, ‘हायड्रोफिलिक’. इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाऐवजी जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, आणि ही सगळी त्याच्या पृष्ठभागाची, म्हणजे सरफेसची नावं. माझं मत आधीच सांगून टाकतो. चांगल्या सरफेसवर घातलेल्या पैशांतून तुमचे काही आठवडे वाचतात. दहा वर्षांनी तो इम्प्लांट जागेवर असेल की नाही, हे ठरवणाऱ्या गोष्टी बहुतांशी वेगळ्या आहेत.

आठवडे वाचतात ते असे. इम्प्लांट बसवताना तो हाडात आवळला जातो. ही पहिली पकड निव्वळ यांत्रिक असते. आवळण्याचा जोर न्यूटन-सेंटिमीटरमध्ये मोजतात. तो ३५च्या आसपास किंवा वर गेला, तर त्याच दिवशी तात्पुरता दात लावायचा विचार करता येतो. पुढे शरीर दाबल्या गेलेल्या हाडाचा काही भाग विरघळवून टाकतं आणि त्या जागी नवं हाड धरू लागतं. जुनी पकड सैलावलेली, नवी अजून पक्की नाही, असा नाजूक काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. सरफेसची खरी कसोटी इथे लागते. इम्प्लांट हाडात किती घट्ट आहे हे पाहायला डॉक्टर ‘आयएसक्यू’ मोजतात, तो आकडाही याच सुमारास खाली येतो. मोजपट्टी १ ते १००. ७०च्या वर निर्धास्त, ६०च्या खाली थांबलेलं बरं.

लेथवरचा आणि खरवडलेला

आजच्या इम्प्लांटचे जनक मानले जाणारे स्वीडनचे डॉ. ब्रानेमार्क यांनी १९६५ मध्ये गोथेनबर्गला पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले, ते लेथवर कातलेले होते. त्यांना ‘गुळगुळीत’ म्हणतात खरं, पण भिंगाखाली कातल्याच्या रेघा दिसतात. अशा इम्प्लांटला खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिन्यांपर्यंत हात लावायचा नाही, असा नियम होता. खालच्या जबड्याच्या पुढच्या, टणक हाडात ते छान टिकले. वरच्या दाढांच्या जागेचं हाड मात्र भुसभुशीत असतं. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अगदी मऊ, चौथ्या प्रकारच्या हाडातले ३५ टक्के इम्प्लांट अयशस्वी ठरले होते. खडबडीत सरफेसकडे सगळे वळले त्यामागे हे एक मोठं कारण.

मग किती खडबडीत? टायटॅनियमची वितळलेली पूड फवारून केलेले जुने सरफेस फारच ओबडधोबड होते. आता एक ते दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मध्यम खडबडीतपणा सर्वमान्य आहे. एसएलएमध्ये आधी पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या कुरुंदाच्या कणांचा मारा करतात, मग ॲसिडमध्ये बुडवतात. मोठ्या खळग्यांच्या पोटात दोन-चार मायक्रॉनचे बारीक खळगे तयार होतात. हाड तयार करणाऱ्या पेशींना असा दुहेरी पोत मानवतो. आरबीएममध्ये मारा होतो तो कॅल्शियम फॉस्फेटच्या कणांचा. उरलेसुरले कण विरघळवून काढता येतात, हा त्याचा फायदा. या दोन्हींत दोन-अडीच महिन्यांत कॅप बसवता येते, आणि मध्यम किमतीच्या बऱ्याच कंपन्या यांपैकीच एखादी पद्धत वापरतात. पण डबीवर ‘एसएलए’ छापलं म्हणजे दर्जा सारखा, असं समजू नका. मारा कितीचा, ॲसिड कोणतं, शेवटची धुलाई कशी, यावर सगळं असतं.

पाणी ओढणारा सरफेस

टायटॅनियम हवेत राहिलं की हवेतले कार्बनचे अंश त्याच्यावर बसतात आणि ते पाणी झटकू लागतं. त्यावरचा उपाय म्हणून स्ट्राउमन या कंपनीने २००५च्या सुमारास ‘एसएलॲक्टिव्ह’ हा हायड्रोफिलिक, म्हणजे पाणी ओढणारा सरफेस आणला. पोत एसएलएचाच, पण इम्प्लांट खारट पाण्याच्या सीलबंद कुपीत येतो. फरक डोळ्यांना दिसतो. साधा, कोरडा इम्प्लांट छिद्राच्या तोंडाशी टेकवला तर रक्त कडेला थबकतं. हा टेकवला की वातीत तेल चढावं तसं रक्त आट्यांमधून वर सरकतं.

दिसायला छान, पण उपयोग किती? निरोगी स्वयंसेवकांच्या जबड्यात छोटे इम्प्लांट बसवून, ठरलेल्या दिवशी काढून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. २८व्या दिवशी साध्या एसएलएला सुमारे ३२ टक्के भागावर हाड चिकटलं होतं, एसएलॲक्टिव्हला सुमारे ४८ टक्के. ४२व्या दिवशी दोन्ही ६२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चौथ्या आठवड्यातली आघाडी सहाव्या आठवड्यात संपली होती. कोणी कितीही ब्रोशर पुढे केली तरी मी हे आकडे लक्षात ठेवतो.

नोबेल बायोकेअर या कंपनीचा ‘टायुनाइट’ सरफेस वेगळ्या वाटेचा. विजेच्या प्रक्रियेने वरचा ऑक्साइडचा थर जाड आणि सच्छिद्र केलेला असतो. मऊ हाडात आणि लगेच दात लावायचा असेल तेव्हा तो चांगला चालतो. हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या, म्हणजे हाडातल्यासारख्याच खनिजाच्या, फवारलेल्या लेपाला हाड पटकन धरतं, पण जुन्या जाड लेपांचे पापुद्रे सुटल्याच्या तक्रारी होत्या. मी त्याच्या वाटेला जात नाही.

खडबडीतपणाची किंमत

हाड जिथे रुजतं तिथे जंतूही रुजतात. हाडाच्या आत असेपर्यंत ठीक. हाड थोडं खाली सरकून आटे उघडे पडले की खळग्यांतला थर ब्रशने निघत नाही. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४च्या आढाव्यात कोणताही एक इम्प्लांट दीर्घकाळात सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट गुळगुळीत सरफेसभोवती जंतुसंसर्गाने हाड झिजण्याचा धोका कमी असल्याचे मर्यादित पुरावे होते. म्हणून पायरियाने दात गेलेल्या माणसाने ‘इम्प्लांटची मान, म्हणजे वरचा भाग, गुळगुळीत आहे का’ हे आवर्जून विचारावं. खाली खडबडीत, हिरडीपाशी कातलेला, असे इम्प्लांट मिळतात.

खालची दाढ, टणक हाड, सिगरेट नाही, साखर ताब्यात आणि घाई नाही, अशांना साधा एसएलए किंवा आरबीएम पुरे. वरच्या दाढा, मऊ हाड, किंवा परदेशातून दीड-दोन महिन्यांच्या सुट्टीवर येऊन काम उरकायचंय, त्यांनी हायड्रोफिलिकचा विचार जरूर करावा. पण पहिली पकडच आली नाही तर तोही तुमचं विमान गाठून देणार नाही. मधुमेह हाताबाहेर असेल तर आधी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) खाली आणा. ती कसर कुठलाही सरफेस भरून काढत नाही.

आणि निवड काहीही करा, डबीवरचं स्टिकर फाईलला लावून घ्या आणि त्याचा फोटो स्वतःकडे ठेवा: कंपनी, व्यास, लांबी, लॉट नंबर. कॅप धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू प्रत्येक कंपनीचा वेगळा असू शकतो. पुढे कधी दुसऱ्या गावात कॅप हलायला लागली आणि इम्प्लांट कोणता हेच कळलं नाही, तर साधा स्क्रू आवळायलाही डॉक्टरकडे नेमका पाना नसतो.