जेल प्लेट: आठ महिने, त्यात एक पूर्ण पावसाळा

मोनोटाइपसाठी, म्हणजे प्लेटवर रंग लावून त्याची कागदावर एकेकच छाप काढण्यासाठी, आठ बाय दहा इंची जेल प्लेट (मऊ, रबरासारखी) फेब्रुवारीत घेतली. त्याआधी घरीच जिलेटिन शिजवून ट्रेमध्ये थापायचे. गेल्या वर्षी एप्रिलच्या उकाड्यात ते कडेने पाझरायला लागलं आणि नाद सोडला. ही प्लेट फ्रिजबाहेर राहते, एवढ्यासाठीच किंमत सोसली.

माझं सगळं काम गोव्यातल्या केरीच्या किनाऱ्याचं. वाळूवरच्या मर्यादवेलीचं पान, आपट्यासारखं दुभंगलेलं, रंग लावलेल्या प्लेटवर उपडं दाबलं की शीर न् शीर उमटते. पहिल्याच आठवड्यात मात्र पान न धुता ठेवलं. त्याला चिकटलेल्या वाळूच्या कणांनी प्लेटला बारीक खळगे पाडले, ते कायमचे. आता त्या कोपऱ्यात आभाळ घेत नाही, जांभ्याचे खडक घेते.

मे महिन्यात अ‍ॅक्रिलिक बघता बघता सुकायचं. आधी वैतागले. मग तेच कामाला लावलं: सुकलेला थर प्लेटवरच ठेवायचा, वर पांढऱ्याचा पातळ हात रोलरने फिरवायचा, कागद दाबून दहाएक मिनिटं थांबायचं. वरचा रंग खालच्याला घेऊनच उठतो. लाटेचा फेस मला असाच मिळाला. जुलैत कागदच सादळलेला, तिथे अर्धा तासही पुरेना. वर दोन प्रिंट एकमेकींना चिकटल्या. सोडवताना एकीचं आभाळ दुसरीवर गेलं. तेव्हापासून मध्ये बटर पेपर.

पहिल्या छापेनंतर उरलेल्या रंगाची फिकट दुसरी छाप निघते, ती फेकून देऊ नका. फ्रेंच चित्रकार देगा अशा छापांवर पेस्टल चढवायचा. मी ओहोटीची ओली वाळू त्याच पद्धतीने करते.

साफसफाई सोपी: साबणाचं पाणी, हट्टी रंगाला बेबी ऑइल. प्लेट आता पिवळट दिसते, छापेत फरक नाही. ठेवताना सोबत आलेल्या प्लास्टिकच्या शीटमध्येच ठेवा. मी एकदा वर्तमानपत्रावर ठेवली, तर मथळा उलटा छापून आला.

उलटं म्हणजे सगळंच उलटं येतं, हे मीही विसरले होते. पहिली प्रिंट आईला दाखवली, तर म्हणाली, "अगो, तेरेखोलचा किल्ला डाव्या हाताला कधी गेला?" समुद्राकडे तोंड केलं की तो उजवीकडे, नदीपलीकडे. प्लेट पारदर्शक आहे, म्हणून आता स्केच उलटं करून खाली सरकवते. ती डाव्या किल्ल्याची प्रिंट आईने फ्रेम करून घेतली.