डेको आणि मिश्र गॅससाठी डायव्ह कॉम्प्युटर: गोव्यातून पाण्यात उतरणाऱ्याने कोणता घ्यावा?

गोव्यात डायव्हिंग शिकून नायट्रॉक्सपर्यंत (हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेला गॅस) पोचलेले आणि आता डिकम्प्रेशनचा (डेको, म्हणजे शरीरातला जादा गॅस सुटावा म्हणून वर येताना ठरावीक खोलीवर थांबत येणं) कोर्स करायच्या विचारात असलेले बरेच जण विचारतात, भाड्याच्या कॉम्प्युटरवर (खोली, वेळ आणि थांबे सांगणारं मनगटावरचं यंत्र) किती दिवस काढायचे, आणि स्वतःचा घ्यायचा तर कोणता? पुढे कधी तरी ट्रायमिक्स (ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हीलियमचं मिश्रण) करू म्हणून आजच लाखभर रुपये घालायचे, की आत्तापुरता साधा घेऊन नंतर बदलायचा?

माझं मत असं. येत्या दोन-तीन वर्षांत तुम्ही खरोखर कोणता गॅस श्वासात घेणार आहात, त्यावरून ठरवा. रंगीत पडदा, होकायंत्र, मोबाइलला जोडणी या गोष्टी छान असतात, पण त्यावर निवड करू नये. आणि दुसरी कसोटी इथल्या पाण्याची. गढूळ, हिरव्या पाण्यात एका नजरेत आकडा वाचता आला पाहिजे.

इथे किती लागतं

गोव्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटाच्या आसपासच्या बहुतेक जागा वीस मीटरच्या आत आहेत. सुझीज रेक हे बुडालेलं जहाज असो की तिथले खडक, पंधरा मीटरवर साध्या हवेवर थांबे घ्यायची वेळ येण्याआधी बहुतेकांचा सिलिंडरच संपतो. एवढंच करायचं असेल, तर मारेस किंवा क्रेसी या कंपन्यांचा सुरुवातीचा कॉम्प्युटर पुरे. त्यात नायट्रॉक्स घालता येतो, बॅटरी दुकानात मिळते आणि किंमत झेपते. हा लेख त्या डायव्हरसाठी नाही, पण त्याने उगाच टेक्निकल यंत्राच्या मागे लागू नये म्हणून सांगितलं.

कर्नाटकातल्या मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर जायला लागलं की गणित थोडं बदलतं, आणि कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेचा विचार मनात आला की पुरतं बदलतं. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून दूर, पाण्याखालच्या त्या पठाराचा माथाच साधारण वीस मीटरवर आहे. म्हणजे डायव्हची सुरुवातच तिथे होते जिथे ग्रँड आयलंडची संपते. अशा ठिकाणी सलग दोन-तीन डायव्ह केल्या की थांब्याशिवाय राहता येणारा वेळ भराभर आटतो, आणि मदत फार लांब असते. अंदमान, लक्षद्वीप, मालदीव यांचंही तेच. तिथे कॉम्प्युटरने नुसतं ‘वर जा’ सांगून भागत नाही. कुठे थांबायचं, किती वेळ, कोणत्या गॅसवर, आणि एकूण वर यायला किती मिनिटं, हे सगळं सतत सांगावं लागतं.

साध्या कॉम्प्युटरची अडचण इथे उघडी पडते. तो थांबे दाखवतो, पण ते चुकून मर्यादा ओलांडल्यावरचे म्हणून. आखलेल्या डेको डायव्हसाठी तो बनवलेलाच नाही. अनेक मॉडेल थांबा चुकवला की चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांसाठी कुलूप लावून बसतात आणि थांब्यांचं गणितच बंद करतात. ज्या क्षणी आकड्यांची सर्वांत जास्त गरज, त्याच क्षणी पडदा गप्प. शिअरवॉटर कंपनीचे कॉम्प्युटर असं करत नाहीत, इशारा देतात आणि हिशोब चालू ठेवतात. डेको करणाऱ्यासाठी हा फरक मला फार मोठा वाटतो.

आतलं गणित

बाजारातली भांडणं बहुतेक अल्गोरिदमवरून, म्हणजे थांबे काढायच्या गणितावरून होतात, म्हणून हे नीट समजून घेतलेलं बरं.

झ्युरिकच्या आल्बर्ट ब्यूलमन यांनी मांडलेलं झेडएचएल-१६ हे मॉडेल शरीर सोळा कप्प्यांत वाटतं. प्रत्येक कप्पा वेगळ्या वेगाने गॅस शोषतो आणि सोडतो. कप्पा अर्धा भरायला किंवा रिकामा व्हायला लागणारा वेळ म्हणजे त्याचा अर्धकाल. नायट्रोजनसाठी हे अर्धकाल चार-पाच मिनिटांपासून ६३५ मिनिटांपर्यंत जातात. हीलियम हलका, तो शरीरात वेगाने पसरतो, म्हणून त्याचे अर्धकाल साधारण दीड मिनिटापासून २४० मिनिटांपर्यंत. ट्रायमिक्सवर कॉम्प्युटरला हे दोन्ही हिशोब एकत्र चालवावे लागतात. ज्या यंत्रात हीलियमची नोंदच करता येत नाही, ते ट्रायमिक्स डायव्हवर घड्याळ आणि खोलीमापक यापलीकडे उपयोगाचं नाही.

प्रत्येक कप्प्याला किती जादा दाब सोसेल याची एक कमाल मर्यादा ब्यूलमननी दिली. एरिक बेकर यांच्या ग्रेडियंट फॅक्टरने त्या मर्यादेच्या किती टक्के जवळ जायचं, हे ठरवायचा अधिकार डायव्हरला मिळाला. ३०/७० असं लावलं, तर पहिला आकडा पहिला थांबा किती खोल घ्यायचा ते ठरवतो आणि दुसरा पृष्ठभागावर पोचताना किती राखून यायचं ते. शिअरवॉटरच्या टेक्निकल मोडमध्ये मुळात ३०/७० असतं, तर साध्या मोडमध्ये मध्यम सेटिंग ४०/८५. दोघांच्या हातातली यंत्रं एकच असली तरी मोड वेगळे असले, तर थांबे जुळणार नाहीत.

दुसरी परंपरा बुडबुड्यांच्या मॉडेलांची, म्हणजे व्हीपीएम आणि आरजीबीएम. रेशिओ या इटालियन कंपनीच्या टेक्निकल कॉम्प्युटरमध्ये ब्यूलमन आणि व्हीपीएम दोन्ही मिळतात. सुंटो कंपनीने कित्येक वर्षं आरजीबीएमची स्वतःची रूपं वापरली, पण २०२४ च्या सुंटो ओशनमध्ये ब्यूलमन आलं. बुडबुड्यांची मॉडेलं खोल थांब्यांकडे झुकतात. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग युनिटने २०११ च्या अहवालात एकूण वेळ सारखाच ठेवून खोल थांब्यांचं वेळापत्रक आणि उथळ थांब्यांचं वेळापत्रक यांची तुलना केली. खोल थांब्यांच्या बाजूला डिकम्प्रेशन आजाराच्या घटना जास्त निघाल्या. कारण समजायला सोपं आहे. खोलवर थांबलेल्या वेळात मंद कप्पे अजून गॅस भरतच असतात. त्या अहवालानंतर बरेच टेक्निकल डायव्हर ग्रेडियंट फॅक्टरचा पहिला आकडा वाढवायला, म्हणजे पहिला थांबा उथळ घ्यायला लागले. तो आकडा हवा तसा बदलता येणारं ब्यूलमन मला म्हणूनच जास्त पसंत आहे.

तरी शेवटचा निर्णय तुमच्या जोडीदारांवर अवलंबून ठेवा. तुमचा इन्स्ट्रक्टर आणि बोटीवरचे बाकीचे ज्या मॉडेलवर आहेत, त्याच मॉडेलवर तुम्ही असलात तर पाण्यात हातवारे कमी होतात.

पेरेग्रीन की पर्डिक्स

खरी चुरस इथे आहे. दोन्ही शिअरवॉटरचे, दोन्हीत तेच ब्यूलमन, मनगटावर तोच मोठा २.२ इंची पडदा. पर्डिक्स २ साधारण लाखाच्या घरात किंवा वर जातो, पेरेग्रीन त्याच्या जवळपास निम्म्यात.

पेरेग्रीनमध्ये तीन नायट्रॉक्स गॅस ठेवता येतात. तळाला हवा किंवा हलका नायट्रॉक्स, वर येताना ५० टक्के ऑक्सिजनचा, आणि सहा मीटरवर ऑक्सिजन, एवढं त्यात बसतं. डेकोचे सुरुवातीचे कोर्स चाळीस-पंचेचाळीस मीटरपर्यंतचे असतात, ते यावर आरामात पार पडतात. हीलियम मात्र नाही, आणि रिब्रीदरची (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं यंत्र) सोयही नाही.

पर्डिक्स २ मध्ये पाच गॅस, ट्रायमिक्स, रिब्रीदरसाठी ठरावीक सेटपॉइंटवर (ऑक्सिजनचा नेमून दिलेला दाब) हिशोब, आणि ट्रान्समीटर जोडून सिलिंडरचा दाब. हीलियम कधी लागतो, हे एका उदाहरणाने बघा. पन्नास मीटरवर दाब ६ बार. हवेवर तिथे डोकं जड होतं, निर्णय मंदावतात. २१/३५ ट्रायमिक्सवर (२१ टक्के ऑक्सिजन, ३५ टक्के हीलियम) ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) १.२६ बार राहतो, १.४ च्या मर्यादेच्या आत. आणि गुंगी आणणारा गॅस (ऑक्सिजन आणि नायट्रोजन मिळून) एकूण ३.९ बार, म्हणजे हवेवर एकोणतीस मीटरवर वाटतं तेवढंच. पन्नास मीटरच्या खाली जायचं ठरलं असेल, तर हा फरक टाळून चालत नाही, आणि मग पेरेग्रीनचा विचारच सोडून द्या.

पण हीलियम सगळीकडेच महाग असतो. ट्रायमिक्स कुठे भरून मिळेल, किती सिलिंडर लागतील, कोर्स कुठे कराल, याची ठोस उत्तरं तुमच्याकडे नसतील तर पेरेग्रीन घ्या, उरलेल्या पैशात चांगला डेको रेग्युलेटर (डेको गॅसच्या सिलिंडरमधून श्वास घ्यायचं साधन) घ्या आणि कोर्स करा. उत्तरं असतील, तर मधली पायरी गाळून थेट पर्डिक्स.

‘पेरेग्रीन पुढे बॅकअप म्हणून राहीलच’ असं म्हणतात ते अर्धंच खरं आहे. नायट्रॉक्स डेकोला तो उत्तम बॅकअप आहे, कारण गणित तेच. ट्रायमिक्सला नाही.

बॅटरीबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे त्यानेच निर्णय फिरतो. पर्डिक्समध्ये साधा एए सेल बसतो. वास्कोच्या बाजारात, मालवणात, मुर्डेश्वरच्या नाक्यावरच्या दुकानातसुद्धा तो मिळतो, आणि बोटीवर बदलता येतो. पेरेग्रीन चार्जिंगच्या पाटावर ठेवावा लागतो. दिवसभराच्या सहलीला काहीच प्रश्न नाही, पण आंग्रिया बँकेसारख्या बहुदिवसीय फेरीत जनरेटरवर विसंबून राहावं लागतं. उलट बाजूही आहे. सेल बदलताना ओ-रिंगवर (झाकणाची रबरी कडी) मिठाचा कण राहिला तर पाणी शिरतं, पेरेग्रीनमध्ये ती भीती नाही. जून ते सप्टेंबर डायव्हिंग बंद असताना पर्डिक्समधून सेल काढून ठेवावा, गळालेला सेल खाचेचा सत्यानाश करतो. चार्जवालं यंत्र साधारण अर्धा भरून कोरड्या जागी ठेवा आणि महिन्याने एकदा बघा. कोकणातला पावसाळी दमटपणा कपाटातही शिरतो.

घड्याळाच्या आकाराचे

शिअरवॉटर टेरिक आणि गार्मिन डिसेंट एमके३आय दोन्ही पूर्ण टेक्निकल आहेत, ट्रायमिक्स आणि रिब्रीदरसकट, आणि दोन्ही ब्यूलमनवर चालतात. गार्मिन रोज मनगटावर राहतो, पावलं मोजतो, नकाशे दाखवतो. किंमत पर्डिक्सपेक्षा चढी. ऑफिसातही तेच घड्याळ घालायचं असेल तर गार्मिनला तोड नाही.

पण आपल्या पाण्यात दृश्यता दोन-तीन मीटरवर येते. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना मास्कमधून बारीक आकडे दिसत नाहीत, हातात रीळ आणि दिवा असतो, आणि थांब्याची मिनिटं मोजायची असतात. तिथे मोठ्या पडद्याचा पर्डिक्स जिंकतो. टेरिक हा दुसरा कॉम्प्युटर म्हणून मला आवडतो, एकमेव म्हणून नाही.

कॉम्प्युटर तुमचं ऐकतो, सिलिंडरचं नाही

कोणताही घ्या, तो तुम्ही सांगितलेला गॅस खरा मानतो. एकवीस मीटरवर ५० टक्क्यांचा गॅस निवडला पण तोंडात अजून हवेचाच रेग्युलेटर असेल, तर फुप्फुसात नायट्रोजन २.४५ बार आणि यंत्राच्या हिशोबात १.५५. कॉम्प्युटर तुम्हाला वेळेआधीच मोकळं करेल, आणि त्याला कळायला काही मार्ग नाही.

त्याहून छुपी गोष्ट म्हणजे मागच्या फेरीत चालू ठेवलेला गॅस. शिअरवॉटरसारखी यंत्रं वर यायचा एकूण वेळ काढताना चालू असलेले सगळे गॅस तुम्ही वापरणार असं धरतात. आज सोबत ऑक्सिजन नाही, पण यादीत तो चालू आहे, तर तळावर दिसणारा आकडा खोटा आशावाद असतो. म्हणून गॅस बंद-चालू करणं किती बटणांत होतं, हे दुकानातच हातात घेऊन बघा. पर्डिक्स आणि पेरेग्रीन दोन्ही फक्त दोन बटणांवर चालतात आणि पुढचं पाऊल पडद्यावरच लिहिलेलं असतं. काही इतर ब्रँडमध्ये मेनूच्या आत मेनू असतात, थकलेल्या माणसाला ते सुचत नाही.

सिलिंडर भरून घेताना ऑक्सिजन स्वतः ॲनालायझरवर मोजा आणि खोलीची मर्यादा टेपवर लिहून चिकटवा. ३२ टक्क्यांचा नायट्रॉक्स १.४ च्या मर्यादेत तेहेतीस मीटरपर्यंत, ५० टक्क्यांचा १.६ धरून एकवीसपर्यंत, शुद्ध ऑक्सिजन सहापर्यंत. कॉम्प्युटरमध्ये तेच आकडे.

परतीच्या प्रवासाचाही विचार निवडीत धरा. काही कॉम्प्युटर विमान टाळायचा वेळ दाखवतात. डॅनचा (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, डायव्हरांच्या सुरक्षेसाठीची संस्था) सल्ला सलग डायव्हनंतर किमान अठरा तास, आणि डेको डायव्हनंतर त्याहून बराच जास्त असा आहे. तो ६०० मीटरवरच्या उंचीपासून लागू होतो, म्हणजे दाबोळी-मोपाच्या विमानाएवढाच घाटरस्त्यालाही. आंबोली साधारण सातशे मीटरवर, बेळगावही साडेसातशेच्या आसपास. संध्याकाळी डेको संपवून त्याच रात्री गाडीने कोल्हापूर-बेळगावकडे चढायचं ठरवलेलं असेल, तर कॉम्प्युटर त्या घाटाचा हिशोब तुमच्यासाठी करत नाही. मुक्काम किनाऱ्यावर करा.

बॅकअपवर पैसे वाचवू नका

डेको डायव्हवर एकच कॉम्प्युटर असेल आणि तो बंद पडला, तर वर यायचा मार्गच हरवतो. दोन पर्याय आहेत. एक, तेवढ्याच क्षमतेचा दुसरा कॉम्प्युटर, त्याच ग्रेडियंट फॅक्टरवर. दुसरा, खोली-वेळ दाखवणारा साधा टायमर आणि आधीच संगणकावर आखलेलं वेळापत्रक मनगटावरच्या पाटीवर लिहून. दुसरा स्वस्त आहे आणि पूर्णपणे भरवशाचा, फक्त पाटीवर मूळ बेत, तीन मीटर जास्त खोल, पाच मिनिटं जास्त, आणि एक डेको गॅस हरवल्यास काय, असे चारही तक्ते हवेत.

पैसे मोजकेच असतील तर माझी मांडणी ही. नायट्रॉक्स डेको करायचं असेल तर एक पेरेग्रीन आणि पाटी. ट्रायमिक्सचा कोर्स ठरला असेल तर एक पर्डिक्स आणि पाटी, पुढच्या वर्षी दुसरा पर्डिक्स जुना मिळाला तर तो. जुना घेताना बटणं दाबून बघा, खोलीचा आकडा पृष्ठभागावर शून्य दाखवतो का ते पाहा, आणि शक्य असेल तर एका साध्या ग्रँड आयलंड डायव्हवर ओळखीच्या कॉम्प्युटरशेजारी बांधून दोघांची खोली आणि वेळ ताडून घ्या. भाव त्यानंतर ठरवा.