कमी कार्बनच्या सिमेंटवर पीएचडी : नौपाड्यातील एका मार्गदर्शन केंद्राचे परीक्षण

तुर्भ्यातील एका रेडीमिक्स काँक्रीट प्लांटमध्ये गुणवत्ता नियंत्रणाचे काम करताना कमी कार्बनच्या सिमेंटवर संशोधन करण्याचा विचार पक्का झाला, तेव्हा मी ठाण्यात नौपाड्यातील एका खासगी पीएचडी मार्गदर्शन केंद्राची सेवा घेतली. या विषयाकडे वळू पाहणाऱ्या अभियंत्यांना उपयोग व्हावा, म्हणून तिथे काय चांगले मिळाले आणि काय कमी पडले ते सविस्तर लिहीत आहे.

केंद्राची खरी ताकद संशोधन प्रस्तावावरील चर्चेत आहे. माझ्या मसुद्याची सुरुवात 'सिमेंट उद्योगातील कार्बन उत्सर्जन कमी करणे' अशी होती. तिथल्या सरांनी, जे स्वतः स्थापत्य अभियांत्रिकीचे निवृत्त प्राध्यापक आहेत, त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारले, "मॅडम, हे उत्सर्जन नेमके येते कुठून?" सिमेंटचा मुख्य घटक म्हणजे चुनखडी भाजून केलेले क्लिंकर; ते तयार करण्यासाठी भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमान लागते, त्यामुळे इंधनाचा वाटा आहेच, परंतु निम्म्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड चुनखडीच्या विघटनातूनच बाहेर पडतो, म्हणजे इंधन बदलले तरी तो भाग तसाच राहतो. म्हणून क्लिंकरचेच प्रमाण घटवावे लागते. एलसी३ (लाइमस्टोन कॅल्साइन्ड क्ले सिमेंट) या कमी कार्बनच्या सिमेंटमध्ये साधारण ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम असते, माती भाजायला ८०० अंशांच्या आसपासचे तापमान पुरते आणि उत्सर्जन सुमारे ३० ते ४० टक्क्यांनी घटते. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये त्यासाठी आयएस १८१८९ हे मानकही काढले.

हे सगळे मला ठाऊक होते, पण सरांचे म्हणणे असे की एवढे काम तर होऊन गेले आहे, आता तुमचा प्रश्न कोणता? त्यांनी वाशीच्या पहिल्या खाडीपुलाचा विषय काढला. १९७३ च्या सुमारास सुरू झालेल्या त्या पुलाच्या पूर्वताणित (काँक्रीटमध्ये आधीच ताणून बसवलेल्या पोलादी) केबल गंजल्या आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल वापरात आला. एलसी३ मधून पोलाद गंजवणारा मिठातील क्लोराइड फार हळू शिरतो, ही खाडीकाठासाठी मोठी जमेची बाजू आहे. मात्र क्लिंकर कमी असल्याने त्यात पोलादाला गंजापासून जपणारे कॅल्शियम हायड्रॉक्साइडही कमी राहते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे होणारे कार्बोनेशन तुलनेने लवकर आत सरकते. खारी हवा, पावसाळी ओल आणि मधले कोरडे महिने हे सारे जिथे एकत्र येते, तिथे या दोन क्रियांचा एकत्रित परिणाम काँक्रीटमधील पोलादावर काय होतो, हा माझ्या प्रस्तावाचा गाभा ठरला. एवढ्या एका बैठकीसाठीही मी या केंद्राची शिफारस करेन.

मार्गदर्शक निवडण्याची त्यांची पद्धतही चोख आहे. आधी देश किंवा विद्यापीठ ठरवू देत नाहीत; ज्यांना लिहायचे त्या प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध वाचून घेतात आणि तुमच्या प्रश्नाला लागणारी उपकरणे त्या प्रयोगशाळेत आहेत का, हे तपासायला लावतात. एलसी३ वरील कामात स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठाबरोबर आयआयटी दिल्ली आणि आयआयटी मद्रास यांचा मोठा सहभाग राहिला आहे, आणि घराजवळ पवईत आयआयटी मुंबई आहे, जिथे मोनॅश विद्यापीठाबरोबरची संयुक्त पीएचडीही करता येते. युरोपच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क या पीएचडी योजनेत संशोधकाला पगारी नोकरीवर घेतात, आणि नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत नेमणुकीच्या देशात १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य नसावे, अशी अट असते. ती त्यांनी पहिल्याच भेटीत समजावली.

भारतातील नियमांबाबत मात्र केंद्राची माहिती जुनी आहे. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून येणे सर्वत्र सक्तीचे आहे, असे तिथल्या समुपदेशक ताईंनी ठामपणे सांगितले. प्रत्यक्षात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांतून ही सक्ती काढण्यात आली असून आता ते त्या त्या संस्थेवर अवलंबून आहे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असल्यास थेट पीएचडीला अर्ज करता येतो, हेही त्यांनी सांगितले नाही. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली, पण त्यांच्या पत्रकात जुनाच आकडा छापलेला होता. नोकरी सोडायची की नाही, हा निर्णय घरी अशाच आकड्यांवर होतो, त्यामुळे ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

शुल्क एकरकमी घेतात आणि त्यात अर्जाचे निवेदन लिहून देण्याची सेवा जोडलेली असते. ती मी नाकारली, कारण मुलाखतीत त्या निवेदनातील प्रत्येक वाक्यावर प्रश्न विचारला जातो आणि उत्तर आपल्यालाच द्यायचे असते. केवळ प्रस्तावावरील चर्चेचे वेगळे शुल्क मागितले तर ते देतात, परंतु तसे आपणहून कुणी सांगत नाही.