१९६८ चा बेसबॉल मोसम: सरस पिचर कोण, मॅक्लेन की गिब्सन?
डेट्रॉइट टायगर्सचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, डेनी मॅक्लेनने ३१ सामने जिंकले, हरले फक्त ६. त्यानंतर एका मोसमात तीस विजय कुणालाच जमलेले नाहीत. तरी माझं मत सेंट लुईसच्या बॉब गिब्सनला. त्याचा ईआरए १.१२, म्हणजे नऊ डावांमागे जेमतेम एक धाव त्याच्या माथी, मॅक्लेनचा १.९६. मग गिब्सन नऊ सामने हरला कसा? त्याच्याच फलंदाजांनी हात आखडता घेतला, दुसरं काय! वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या विजेतेपदाच्या मालिकेच्या, पहिल्याच सामन्यात दोघे समोरासमोर आले. गिब्सनने १७ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद) घेतले, सेंट लुईस ४-० ने जिंकलं. सिरीज मात्र टायगर्सनी मारली, तीही त्यांचाच दुसरा पिचर मिकी लोलिचच्या तीन विजयांवर. पिचरांचा हा वरचष्मा पाहून पुढच्या मोसमात पिचर ज्यावरून चेंडू फेकतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणला गेला.